उघड्या पाठीचे हेडफोन

८ फेब्रुवारी, रविवार

विमा कचेरीत दावे तपासताना एक गोष्ट शिकले. जे घडलं ते त्याच दिवशी लिहावं. नंतर सावकाश लिहिलेल्या जबाबावर मी कधी विश्वास ठेवला नाही, तो स्वतःचा असला तरी.

तर आजचा प्रकार. जावयानं वाढदिवसाला पाठवलेले हेडफोन लावून टिटवीबरोबर खेळायला बसले. जावई माणूस चांगला आहे, पण म्हातारपणाला एखादी वायर जोडली की ते बरं होतं अशी त्याची समजूत आहे. आतापर्यंत मी स्पीकर लावून खेळत असे. त्यामुळे टिटवीला स्वतःचाच आवाज परत ऐकू येई, आणि ती किंचाळे. टिटवी म्हणजे माझी नात. किंचाळते म्हणूनच टिटवी. ती आणि तिचे आईबाप समुद्रापलीकडे राहतात. तिची सकाळ ती माझी दुपार.

हे हेडफोन चहूबाजूंनी बंद आहेत. कानांवर डबे ठेवून वर झाकणं लावावीत तसे. कान घामेजतात, चष्म्याच्या काड्या कवटीत घुसतात. पण खरी तक्रार वेगळी आहे. आमच्या गेममध्ये एक ओसाड हॉटेल आहे. तिथे खोल्याखोल्यांतून किल्ल्या शोधायच्या आणि रखवालदाराच्या हाती लागायचं नाही. तो दिसत नाही, ऐकू येतो. आज मी जिन्याखाली लपले होते, आणि मला स्पष्ट जाणवलं की माझ्या पाठीमागे कोणीतरी आहे. गेममध्ये नव्हे, खोलीत.

कॉन्व्हेंटात सिस्टर सांगायच्या, मागे कोणी उभं आहे असं वाटलं तर वळू नका, ताठ बसा. देव असो की मुख्याध्यापिका, दोघींनाही ताठ मुली आवडतात. (व्याकरण सिस्टरांचं, माझं नव्हे.) मी ताठ बसले. मानेच्या मणक्यांमुळे तसंही चटकन वळता येत नाही. वळले तेव्हा दार नुसतंच उघडं होतं आणि पडदा हलत होता. पंखा बंद होता.

तेवढ्यात रखवालदारानं मला धरलं. टिटवी म्हणाली, "आजी, तू झोपली होतीस का गं?"

१० फेब्रुवारी, मंगळवार

रविवारचं डोक्यातून जात नाही. ही खोली ह्यांची. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. त्याआधी ती सासूबाईंची होती, आणि शेवटच्या वर्षात त्या इथेच बसून सासरे हाका मारताहेत असं सांगायच्या. आधी हाका, मग जेवल्याचं विसरणं, मग आम्हा सगळ्यांनाच विसरणं. क्रम मला पाठ आहे. माझं आणि त्यांचं रक्ताचं नातं नाही, म्हणजे तो रोग मला वारशानं येणार नाही, असं मी स्वतःला बजावते. पण खोली तर वारशानं आली आहे.

म्हणून ठरवलं. असे हेडफोन हवेत की ज्यातून गेमही ऐकू येईल आणि खोलीही. मागे खरंच काही असेल तर कळेल. नसेल तर तेही कळेल. दुसरं काय करणार? भुताचा दावाही पुराव्याशिवाय मंजूर होत नाही.

वाचून पाहिलं. असे हेडफोन असतात. त्यांच्या वाट्यांना मागून जाळी असते, आवाज आत कोंडत नाही. गेम खेळणारे त्यांची तारीफ करतात, कारण पाऊल कुठल्या दिशेनं आलं ते नेमकं कळतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात गेले. विक्रेता चांगला टक्कल पडलेला गृहस्थ, तरी मला आजी म्हणाला.

"कोणासाठी हवेत, आजी? नातवासाठी?"

"माझ्यासाठी. गेम खेळायला, आणि एरवी रेडिओ ऐकायला."

"अरे वा! पत्त्यांचा गेम?"

"नाही. अंधारात लपून बसायचं आणि मागून कोण येतंय ते ऐकायचं."

त्याचं हसू जरा मावळलं. मग त्यानं मला कानाच्या मशीनचं दुकान पलीकडच्या गल्लीत असल्याचं सांगितलं. मी त्याला म्हटलं की माझे कान शाबूत आहेत, म्हणूनच तुमचं बोलणं सहन होत नाहीये. मग माणूस वठणीवर आला.

पण प्रामाणिक निघाला. म्हणाला, "ओपन-बॅक घेताय खरं, पण यातून आवाज बाहेर सांडतो. शेजारी बसलेल्याला सगळं ऐकू जातं. मागाहून तक्रार नको."

"माझ्या शेजारी कोणी बसत नाही," मी म्हटलं.

त्यानं त्यातले सगळ्यात भारी म्हणून एक दिले. घरी आणून लावले तर आवाज कुजबुजल्यासारखा. फोन केला तेव्हा म्हणतो, त्यांना वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागेल, नुसत्या कॉम्प्युटरच्या ताकदीनं ते चालत नाहीत. हे विकण्याआधी सांगायचं असतं. उद्या परत नेणार.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ते बदलून दुसरे आणले, अखेर जमले. वजनानं हलके, कानांना मखमली गादी, चष्म्याला टोचत नाहीत, कॉम्प्युटरला लावले की बोलायला लागतात. बोलण्याचा माइक वायरीला चिमट्यानं लावायचा. धमधम कमी आहे, पण मला कुठे वरातीत नाचायचं आहे?

सकाळी रेडिओवर व्हायोलिन लावून पाहिलं. डब्यांमध्ये आवाज डोक्याच्या आत वाजायचा, जणू कवटी भाड्यानं दिली आहे. इथे तो अंगणात वाजतो आणि आपण उंबऱ्यावर बसलेलो असतो. त्याच वेळी मावशी भांडी घासताहेत, खाली कोणी गाडी मागे घेतंय, तेही ऐकू येतं. मावशी म्हणजे आमच्याकडे कामाला येतात त्या. खोलीत डोकावून म्हणाल्या, "बाई, बरं झालं, थोडा तरी आवाज बाहेर येतोय. तुम्ही ते डबे लावायला लागल्यापासून घर कसं मेल्यासारखं झालंय. आधी छोटीचा आवाज घरभर असायचा."

"किंचाळायची ती."

"असू दे की. मोठ्या बाईपण म्हणत होत्या."

मोठ्या बाई काय म्हणत होत्या ते मी विचारलं नाही. मोठ्या बाई म्हणजे वन्सं, ह्यांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, जन्म टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून काढला. एका कानावर हेडसेट, दुसरा कान साहेबासाठी मोकळा. त्या पलीकडच्या खोलीत राहतात. आमचा अबोला आहे. काही सांगायचं असेल तर मावशींना सांगते किंवा भिंतीला. "कोणीतरी गॅस मंद केलेला नाही," असं मी फ्रिजला सांगते, आणि गॅस मंद होतो.

कारण लिहून ठेवते, म्हणजे कोणी मला दुष्ट म्हणू नये. आमच्या फोनला निरोप घेणारं यंत्र होतं आणि त्यात ह्यांचा आवाज होता. आधी ते खाकरायचे. दोन आखूड, एक लांब, जणू सभेत आभार मानायला उठले आहेत. ती त्यांच्या घराण्याचीच लकब, सासूबाईसुद्धा अशाच खाकरायच्या. आणि मग, "आम्ही घरी नाही. किंवा आहोत, पण उठायचा कंटाळा आलाय. निरोप ठेवा." हे गेले त्याच आठवड्यात वन्संनी समाचाराचे निरोप ऐकायला म्हणून बटण दाबलं, आणि सगळं पुसलं. ह्यांच्यासकट. जन्मभर टेलिफोन हाताळलेल्या बाईनं! दुसरीकडे ह्यांचा आवाज कुठेच नाही. फोटोंनी कपाट भरलंय, पण फोटो खाकरत नाहीत.

तेव्हापासून त्या घरातल्या कुठल्याही बटणाला हात लावत नाहीत. त्यांच्या खोलीतला दिवासुद्धा मावशी लावून जातात. हे नाटक कोणासाठी ते मला माहीत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

आजचं लगेच लिहून ठेवते.

टिटवी आणि मी हॉटेलच्या स्वयंपाकघरात होतो. रखवालदार उजवीकडच्या बोळात होता, त्याची पावलं इतकी नेमकी की बोट दाखवावं. टिटवी म्हणाली, "आजी, हलू नकोस." मी हलले नाही. आणि डावीकडून, मागून, अगदी जवळून, ह्यांनी घसा खाकरला.

दोन आखूड, एक लांब. तिसरा पुरता झाला नाही, कोणी तोंडावर पदर धरावा तसा अर्ध्यात दबला.

"टिटवे, ते काय होतं?"

"कुठे काय? तो उजवीकडे आहे."

"डावीकडे कोणी खाकरलं."

"गेममध्ये कोणी खाकरत नाही गं, आजी."

वळले. कोणी नाही. दाराजवळची वेताची खुर्ची मात्र सकाळी भिंतीला टेकलेली होती, ती आता खोलीच्या आत होती. मावशींचं काम. त्या रविवारी येत नाहीत हे मला लिहिता लिहिता आठवलं.

वन्संच्या खोलीचं दार बंद होतं. जेवणानंतर गोळी घेऊन त्या पडतात. त्यांना कशाला विचारायचं?

२४ फेब्रुवारी, मंगळवार

टिटवीनं आईला सांगितलं. लेकीचा फोन. "आई, रागावू नकोस, पण आजीचंही असंच सुरू झालं होतं ना?"

"तुझ्या आजीला हाका ऐकू यायच्या. मला खाकरणं ऐकू आलं. फरक आहे."

"एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ. आणि खरं सांगू का, तुम्ही दोघी तिथे एकट्या..."

"दोघी असलं की एकट्या म्हणत नाहीत."

"तुमच्या घरात म्हणतात," ती म्हणाली. जीभ माझ्याकडून घेतली आहे, कर वसूल होतोय. पुढे म्हणाली की डॉक्टरांनी काही सांगितलं तर घर बंद करून मी तिच्याकडे यायचं. आत्यासाठी चांगला वृद्धाश्रम बघता येईल. म्हणजे सगळं ठरवून झालंय, फक्त मला वेड लागायचं बाकी आहे. पुढच्या महिन्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

स्पीकरवरचा फोन ठेवल्यावर ताठ बसले. खूप वेळ.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

हेडफोनच्या कंपनीला तक्रार लिहिली. मजकूर असा. आपल्या हेडफोनची डोक्यावरची पट्टी आपोआप आकसते. माझं डोकं मोठं आहे, मी पट्टी पुरती ओढून ठेवते. काल व्हायोलिन चालू ठेवून भाजी आणायला गेले. परत आले तर पट्टी दोन्ही बाजूंनी तळापर्यंत आत गेलेली, आणि उजवी वाटी पार मागे फिरलेली, जणू एकच कान वापरायचा आहे. आज पुन्हा तेच. असा सैल माल विकताना आपल्याला काही वाटत नाही काय?

ह्यांचं डोकंही मोठं होतं. म्हणजे ते नव्हेत. मी हे लिहिते आहे यातच सगळं आलं.

१ मार्च, रविवार

आज टिटवीनं ऐकलं.

हॉटेलात सामसूम होती. आम्ही दोघी गप्प होतो. मागून ते आलं. दोन आखूड, एक लांब, आणि या वेळी पुरतं. वायरीवरच्या माइकनं ते उचललं असणार. टिटवी किंचाळली नाही. अगदी लहान आवाजात म्हणाली, "आजोबा?"

मी माउसवरचा हात काढला.

"आजी, तुझ्या मागे आजोबा आहेत. मी ऐकलं. मला आठवतंय ते. मला कडेवर घेऊन फोनवर बोलायचे तेव्हा असेच..." मग ती रडायला लागली, आणि मी तिला आईला हाक मारायला सांगून गेम बंद केला.

म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे. हा पहिला विचार, खरं तेच लिहिते. दुसरा विचार असा, की म्हणजे हे खरंच मागे आहेत.

पण वळले नाही. वळलं की ते जातात हे मला आता कळलं आहे. हेडफोन कानांवर तसेच ठेवले आणि कॉम्प्युटरच्या बंद पडद्याशी बोलले. म्हटलं, आलात का? बसा. किती दिवस झाले. मग जे साचलं होतं ते सगळं सांगितलं. म्हटलं, तुमचा आवाज ठेवला होता मी. एवढा एकच जपला होता. तुमच्या बहिणीनं तो पुसला. माफीसुद्धा मागितली नाही, नुसती यंत्राकडे बघत उभी राहिली. ती या घरात आहे तोवर मला रोज आठवतं. तिला मी माफ करणार नाही. मेल्यावर तुम्ही तिची बाजू घ्यायला आला असाल तर आल्या पावली परत जा.

मागे श्वास होता. उघड्या वाट्यांतून तो सगळा ऐकू येत होता. मग तो थांबला. खुर्ची हलकेच करकरली, आणि पडद्याच्या कड्या वाजल्या.

मला वाटतं, मी फार कडक बोलले. पण त्यांना माझ्या बोलण्याची सवय आहे.

४ मार्च, बुधवार

मावशी म्हणाल्या, मोठ्या बाई रविवारपासून धड जेवल्या नाहीत. ताट तसंच परत येतं. "पथ्य असेल," मी फ्रिजला सांगितलं.

८ मार्च, रविवार

कोणी आलं नाही. वेताची खुर्ची मी मुद्दाम आत आणून ठेवली होती. टिटवी सारखी विचारत होती, "आहेत का? आहेत का?" दोघींचं गेममध्ये लक्ष नव्हतं. रखवालदारानं दोघींना धरलं.

हेडफोनची पट्टीही सरकत नाही हल्ली. कंपनीचं उत्तर आलं, असा दोष याआधी कोणी कळवलेला नाही.

घर फार शांत आहे. आता सगळं ऐकू येईल असे कान लावून बसले आहे, तर ऐकायला काही नाही.

१० मार्च, मंगळवार

लेकीचा फोन. मला वाटलं, डॉक्टरांची आठवण करायला. तर म्हणते, "आई, तुमचं काही झालं का? आत्यानं मला बोलून निरोप पाठवला, मावशींच्या फोनवरून. स्वतःहून विचारतेय, आश्रमाचं काय झालं म्हणून. या महिन्यातच जाते म्हणाली."

"जाऊ दे की. तुझाच तर बेत होता."

"मी तुला घाबरवायला म्हटलं होतं गं. आत्याला नाही सांगितलं. तू सांगितलंस का?"

"मी त्यांच्याशी बोलते का?"

"तेच तर," लेक म्हणाली. मग म्हणाली, "रडत होती आई ती. म्हणाली, तुझ्या आईला माझा त्रास होतो. तिनं तसं सांगितलंय."

मी केव्हा सांगितलं? मी तर कोणालाच काही... मी फक्त ह्यांना सांगितलं होतं.

११ मार्च, बुधवार

दुपारी वन्संच्या दारावरून जात होते. दार लोटलेलं होतं. कानांवर हेडफोन नव्हते, काही नव्हतं, माझे उघडे कान होते.

आत कोणी खाकरलं. दोन आखूड, एक लांब.

मी तिथेच उभी राहिले. फटीतून त्यांची पाठ दिसत होती. पलंगावर उघडी बॅग, आणि त्या साड्यांच्या घड्या घालत होत्या. संध्याकाळ व्हायला लागली होती. बटण हाताशी होतं. त्या अंधारातच घड्या घालत राहिल्या.

आज एवढंच लिहिते.

१५ मार्च, रविवार

सकाळी कंपनीला लिहिलं की तक्रार मागे घेत आहे.

दुपारी दार सताड उघडं ठेवलं, पडदा काढून टाकला. वेताची खुर्ची माझ्या मागे डावीकडे ठेवली, तिच्यावर उशी घातली. हेडफोन लावले आणि आवाज इतका वाढवला की माझ्या कानांना ठणका लागला.

"आजी, केवढा आवाज! मला माझंच बोलणं परत ऐकू येतंय."

"येऊ दे. तू बोल. नेहमीसारखी किंचाळ."

"का पण?"

"सांगते तेवढं कर. शाळेत या आठवड्यात काय झालं? मोठ्यानं सांग."

ती सांगत सुटली. कोणा मैत्रिणीशी भांडण, कोणा मास्तरांची नक्कल. सगळं घरभर सांडत होतं. मी ताठ बसून वाट पाहत होते. पलीकडचं दार वाजलं.  मग वेत करकरला.

टिटवी बोलायची थांबली. "आजी... कोणी आहे का?"

"आहे," मी म्हटलं. आणि मग तीन वर्षांनी, न वळता, कारण वळले असते तर जमलं नसतं, म्हटलं, "वन्सं, तिथून धड ऐकू येत नसेल. पुढे या."

 मग, "मी बटणाला हात लावणार नाही."

"नका लावू. बटणं मी दाबते. तुम्ही ऐका."

मी उठले. हेडफोन त्यांच्या हातात दिले. त्यांनी पट्टी दोन्ही बाजूंनी तळापर्यंत आत सरकवली, उजवी वाटी सराईत हातानं मागे फिरवली, एक कान झाकला आणि एक मोकळा ठेवला. माझ्या खुर्चीत बसल्या. माइक हनुवटीशी धरून, चाळीस वर्षांपूर्वीच्या कोरड्या सरकारी आवाजात म्हणाल्या, "बोला."

"आत्याआजी?" हेडफोनच्या जाळीतून टिटवीचा आवाज आला, मुंगीएवढा. "आत्याआजी! तू होतीस?"

"मी होते," वन्सं म्हणाल्या. मग लगेच, "पोरी, तुझ्या डाव्या बाजूला कोणीतरी चालतंय. पाय ओढतोय. ते दार लाव."

टिटवीनं दार लावलं. रखवालदार बाहेरून निघून गेला.

मी वेताच्या खुर्चीत बसले. तिथून वन्संची नुसती पाठ दिसते, आणि किंचित पुढे झुकलेली मान. दोघी किल्ल्या शोधत होत्या. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मग बोलता बोलता त्या थांबल्या, घसा खाकरला, आणि मी डोळे मिटून घेतले.